५ डिसेंबरला टोयोटा पडदा काढणार: इतकं झाकून ठेवायचं कारण काय?

वेगवेडा_तेरा · २ डिसेंबर २०२५, रात्री ९:४२

मंडळी, येत्या शुक्रवारी टोयोटा नवी स्पोर्ट्स कार दाखवणार आहे. जाहिरातीत तीन गाड्यांच्या सावल्या आहेत. पहिली टोयोटाचीच जुनी स्पोर्ट्स कार २०००जीटी, दुसरी त्यांच्याच लेक्सस ब्रँडची एलएफए आणि तिसरी ही नवी. तिचं बॉनेट लांबलचक आणि बसायची जागा पार मागं, एवढंच कळतं. जुलैत इंग्लंडात गुडवूडच्या मोटार महोत्सवात चढावर हीच गाडी काळ्यापांढऱ्या नक्षीत गुंडाळून पळवली होती. आवाज ऐकू दिला, पण नाव नाही, इंजिनाचा आकडा नाही. कुणी लेक्सस एलएफआर म्हणतंय, कुणी जीआर जीटी.

माझे दोन प्रश्न. पडद्याखालून काय निघेल? आणि एवढं झाकून ठेवणं खरंच गरजेचं असतं की नुसती हवा करायची असते? मला विचाराल तर गरजेचं असतं, आणि मला ते मनापासून आवडतं. आम्ही शाळेत असताना नव्या गाडीचं पहिलं दर्शन मासिकात व्हायचं. सोलापुरात नव्या पेठेतल्या स्टॉलवर अंक आला का हे बघायला सायकलवर चकरा मारायचो. सगळं आधीच फोनवर बघून झालं तर त्या दिवसाला काय अर्थ राहिला?

शेंगाचटणी · रात्री ९:५८

हेडफोन लावून गुडवूडचा आवाज ऐकला. व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन आहे, आणि आत जादा हवा कोंबणारे टर्बो आहेत. तसं नाही निघालं तर रविवारी पार्क चौकात सगळ्यांची भेळ माझ्याकडं.

बाळीवेस_बॉय · रात्री १०:०१

लिहून ठेवलं बे. आता माघार नाही.

करदाते_काका · रात्री १०:२०

किमतीचा विषय कुणी काढला नाही म्हणून सांगतो. पूर्ण तयार गाडी बाहेरून आणायची, तीही चाळीस हजार डॉलरच्या वरची, तर सीमाशुल्क ७० टक्के आणि उपकर ४० टक्के, मिळून ११०. त्यावर या सप्टेंबरपासून ४० टक्के जीएसटी. म्हणजे शंभराचे दोनशे दहा आणि दोनशे दहाचे दोनशे चौऱ्याण्णव. आरटीओचा कर अजून बाकीच. सोलापूरची एमएच १३ पाटी लागेपर्यंत मूळ किमतीच्या तिप्पट पार.

वेगवेडा_तेरा · रात्री १०:२६

काका, घ्यायची कुणाला आहे? बघायची आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला सगळं सोलापूर लोटतं, त्यातले खरेदीला किती येतात?

अशोकचौक_गॅरेज · ३ डिसेंबर, सकाळी ७:१५

दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो, कारण हे जवळून बघितलंय.

पुण्याकडच्या कंपन्यांच्या चाचणीच्या गाड्या हायवेवर दिसतात. मोहोळच्या पुढं एका ढाब्यावर अशीच एक उभी होती. अंगभर काळीपांढरी वळणंवळणं, मागच्या काचेवर चाचणीचं स्टिकर. मी जवळ गेलो. टेललॅम्प खरा नव्हताच, बाजारात मिळतो तसला गोल दिवा स्क्रूनं ठोकलेला. बॉनेटवर आतून फोमचे तुकडे चिकटवून फुगवटा आणलेला, म्हणजे खरी रेघ कुठून जाते ते कळू नये. डॅशबोर्डवर काळं कापड, कडेनं वेल्क्रो. ड्रायव्हर चहा घेत होता. मी काचेकडं वाकलो तसा ग्लास टेबलावर ठेवून तो येऊन दाराला पाठ लावून उभा राहिला. बोलायला एकदम सभ्य. "काका, इंजिनाचं काही विचारू नका, बाकी काहीही विचारा." मग टायरचं विचारलं, तर अर्धा तास बोलला.

ती वळणांची नक्षी उगाच नसते. पहिल्या महायुद्धात जहाजांवर असेच पट्टे मारायचे. जहाज लपत नसे, पण पाणबुडीतून बघणाऱ्याला त्याची दिशा आणि वेग नीट कळत नसे. गाडीचंही तेच. गाडी दिसते, पण पत्र्याचा उतार, खोबण, कड काही समजत नाही. फोटोतही सगळं सपाट येतं. सावली पडली तरच आकार कळतो आणि ही नक्षी सावलीच मारून टाकते.

आता कारण. गाडी बाजारात यायच्या आधी उन्हात, थंडीत, घाटात, खड्ड्यात लाखो किलोमीटर पळवावी लागते. हे बंद शेडमध्ये होत नाही. रस्त्यावर आणायची म्हणजे जग बघणार. मग झाकूनच आणणार ना?

पुरावा_दाखवा · ३ डिसेंबर, सकाळी ९:३०

गॅरेजकाकांबद्दल आदर आहे, पण चाचणीची गाडी झाकणं वेगळं आणि महिनोन् महिने सावल्या दाखवून लोकांना ताटकळत ठेवणं वेगळं. पहिलं इंजिनिअरिंग, दुसरी जाहिरात. दोन्ही एकाच टोपलीत घालू नका.

मला या पडद्यांचं दुःख आहे आणि ते खरं दुःख आहे. मार्च २०१७, जिनिव्हाचं मोटार प्रदर्शन. टाटांनी त्यांच्या टामो ब्रँडची रेसमो दाखवली. दोन सीटची, इंजिन मध्यभागी, १.२ लिटर टर्बो, १९० हॉर्सपॉवर. आपल्या देशातली, आपल्याला कधीतरी परवडेल अशी स्पोर्ट्स कार. माझ्या दुकानाच्या भिंतीवर तिचा फोटो लावला होता. पडदा निघाला, टाळ्या पडल्या, आणि गाडी रस्त्यावर आलीच नाही. तेव्हापासून मी पडदा बघत नाही, शोरूम बघतो.

बाळीवेस_बॉय · सकाळी ९:४४

रेसमोचं नाव काढलंस आणि सकाळ कडू केलीस राव.

हिप्परगा · सकाळी १०:०५

त्याच्या आधी सॅन स्टॉर्म होती की. १९९८ च्या सुमाराची, फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ लिटर इंजिन, उघडं छत. ६० हॉर्सपॉवरच, पण वजन एकदम कमी. लहानपणी एक सात रस्त्याला सिग्नलवर उभी दिसली होती, लाल. रिक्षावाले मीटर बंद करून बघत होते. ती निदान रस्त्यावर तरी आली.

निवृत्त_मास्तर · ३ डिसेंबर, दुपारी ४:१०

वेगवेडा, तुमच्या प्रश्नाला तिसरं उत्तरही आहे. कित्येकदा गाडी झाकलेली असते कारण ती पुरी झालेलीच नसते.

लॅम्बोर्गिनी मिउरा घ्या. नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरिनला नुसता सांगाडा ठेवला, चाकं, इंजिन आणि पत्र्याची चौकट. बॉडी कुणाची, कशी असेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाला पूर्ण गाडी आली, आणि त्या गाडीचं मागचं झाकण सबंध प्रदर्शनभर कुलूपबंद होतं. इंजिन आत नीट बसतं का हे तपासायलाही वेळ मिळाला नव्हता, म्हणून आत वजन भरून आणलं होतं. जगातल्या सर्वांत देखण्या गाड्यांत जिची गणना होते तिची ही गोष्ट.

जग्वार ई-टाइपची उलटी. मार्च १९६१, पुन्हा जिनिव्हाच. गाडी अशी आवडली की चालवून बघायला रांग लागली आणि एक गाडी पुरेना. कंपनीनं कॉव्हेंट्रीला फोन केला. चाचणीचालक नॉर्मन ड्युइस यांनी हातातलं काम टाकलं आणि दुसरी गाडी रातोरात चालवत इंग्लंडहून जिनिव्हाला आणली. फ्रान्समधून, धुक्यातून. पडदा निघायच्या क्षणावर माणसं एवढा जीव टाकतात, त्याला मी नुसती जाहिरात म्हणणार नाही.

पुरावा_दाखवा · दुपारी ४:३५

मास्तर, ड्युइस यांची गोष्ट सुंदर. पण ती गाडी विकायला तयार होती. माझा मुद्दा तोच.

जॅकार्ड · ३ डिसेंबर, रात्री ११:२०

कारखाना बंद करून आत्ता घरी आलोय. धागा वाचला आणि झोप उडाली.

आमचं टेरी टॉवेलचं काम, अक्कलकोट रोडला. डिझाइन झाकायचं का, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पूर्वी जॅकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, भोकं पाडलेली पंचकार्डं असायची, दोरीत ओवलेला गठ्ठा. नव्या डिझाइनचा गठ्ठा वडील रात्री कपाटात कुलूप लावून ठेवायचे. गिऱ्हाइकाच्या हातात नमुना पडायच्या आत कार्ड बाहेर गेलं की पुढच्या आठवड्यात तोच मोर शेजारच्या शेडमध्ये विणून तयार, आणि भाव दहा रुपयांनी कमी. वर्षभराची मेहनत पाण्यात. मोटारीचा साचा बनवायला तर वर्षं जातात. तेव्हा वेगवेडा, तुझ्या बाजूनं माझं मत धर.

पण मला लिहायचं होतं ते वेगळंच. तुम्ही सगळे टोयोटाला मोटारवाले समजताय. ती मूळची मागवाली माणसं! साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. १९२४ मध्ये त्यानं जी टाइपचा स्वयंचलित माग काढला. धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. कांडीवरचा धागा संपत आला की माग पळता ठेवूनच धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, बदलला जायचा. ज्यानं हातानं धोटा बदललाय त्यालाच कळेल ही काय चीज आहे. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले आणि मुलगा किइचिरो मोटारीच्या मागं लागला. आजही टोयोटाचे एअरजेट लूम विकले जातात.

आता एलएफए. त्या गाडीची बॉडी आधी ॲल्युमिनियमची ठरली होती, मध्येच बदलून कार्बन फायबरची केली. त्या कार्बनच्या धाग्यापासून गोल पोकळ चौकट विणायला टोयोटानं स्वतःचा गोलाकार माग बनवला. काचेच्या कडेनं छताकडं जाणारा जो खांब असतो तो त्या मागावर विणला. कापून, चिकटवून नाही. विणून! पाचशे गाड्या झाल्या, २०१० च्या डिसेंबरपासून २०१२ च्या डिसेंबरपर्यंत. त्या मागाचा व्हिडिओ मी रात्री कामगारांना दाखवला तेव्हा आमचा जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, म्हणला, "मालक, ताण बघा किती एकसारखा आहे." त्याला गाडीचं काही पडलेलं नव्हतं.

सोलापूरकरानं या गाडीची वाट का बघावी असं कुणी विचारलं तर माझ्याकडं हे उत्तर आहे.

शेंगाचटणी · रात्री ११:३१

जॅकार्डदादा, अंगावर काटा आला.

नागोयाकर_मूळ_जुळे_सोलापूर · ४ डिसेंबर, सकाळी ६:५०

जॅकार्डदादा, तुम्ही लिहिलंय तो जी टाइपचा माग इथं नागोयात चालू स्थितीत आहे. टोयोटाच्या जुन्या माग कारखान्याच्या जागेवरच संग्रहालय केलंय, निम्मं कापडाचं, निम्मं मोटारींचं. बाबा इकडं आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो. बाबांची उमर मिलमध्ये गेलेली. मार्गदर्शक मुलीनं माग सुरू करून मुद्दाम एक धागा तोडला, माग थांबला. बाबांनी खुणेनं सांगितलं, परत तोड. तिनं तोडला. परत थांबला. मग त्यांनी वाकून तुटलेल्या धाग्याची दोन टोकं बोटांत घेतली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारून दिली. ती मुलगी बघतच राहिली. मोटारींच्या दालनात ते फारसे रमले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो.

२०००जीटी मी नागाकुतेच्या संग्रहालयात पाहिली आहे. फोटोत कळत नाही इतकी ठेंगणी, उंची ११६० मिलिमीटर. माझ्या कंबरेच्या थोडी वर. यामाहाच्या मदतीनं केलेली, दोन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन. १९६५ च्या टोकियो प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि जपान अशी गाडी बनवू शकतो हे जगाला पटलं.

फॉर्म्युला_ताई · ४ डिसेंबर, दुपारी १:०५

मी इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या फॉर्म्युला टीममध्ये सस्पेन्शन बघते. पहिल्या प्रश्नाकडं परत येऊ का? सगळे इतिहासात गेलेत.

बॉनेट लांब आणि केबिन मागं, म्हणजे इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागं सरकवलेलं असणार. २०२२ च्या टोकियो ऑटो सलूनला जीआर जीटी३ नावाची संकल्पना गाडी दाखवली होती, तिचीही ठेवण हीच. रेसची आणि रस्त्याची गाडी एकत्र काढताहेत असा माझा अंदाज. हायब्रिड असेल तर मोटर मागं, गिअरबॉक्सपाशी असेल. पुढं वजन वाढवून त्यांना काही मिळणार नाही.

आणि एलएफएचं एक राहिलं. तिचं ४.८ लिटर व्ही१० इतक्या झटकन फिरायचं, आयडलिंगपासून ९००० आरपीएमपर्यंत ०.६ सेकंदात, की इंजिनाचे फेरे दाखवणारा सुईचा टॅकोमीटर मागं पडायचा. म्हणून स्क्रीनवरचा काटा दिला. आवाज यामाहानं जुळवला होता. तो आवाज ऐकून मी मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली. टर्बो लावले तर तसा आवाज येणार नाही याचं मला वाईट वाटतंय.

बाळीवेस_बॉय · दुपारी १:२०

ताई, एप्रिलात आपल्याकडं ४४ डिग्रीला हे टर्बोचं इंजिन टिकेल का?

अशोकचौक_गॅरेज · दुपारी २:००

टिकेल. उन्हाळ्यात माझ्याकडं तापून येणाऱ्या गाड्यांत दहातल्या आठांचा कूलंट कधी बदललेलाच नसतो. गावात नळाचं पाणी ओततात आणि रेडिएटर क्षारानं चोंदतो. ऊन बदनाम होतं.

निवृत्त_मास्तर · ४ डिसेंबर, रात्री ८:४५

उद्याच्या आधी एका माणसाचं नाव इथं असावं. हिरोमु नारुसे. १९६३ मध्ये टोयोटात आले आणि पुढं कंपनीचे मुख्य चाचणीचालक झाले. आजचे अध्यक्ष आकिओ टोयोडा यांना गाडी चालवायला यांनीच शिकवलं. गाडी चालवता येत नसेल तर गाड्यांबद्दल बोलू नका, असं मालकाच्या घरातल्या माणसाला तोंडावर सांगणारे गृहस्थ. २३ जून २०१० रोजी जर्मनीत न्युर्बुर्गरिंगजवळच्या रस्त्यावर एलएफएची चाचणी घेताना अपघातात गेले. ६७ वर्षांचे होते. उद्याची गाडी त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी केलेली आहे.

वेगवेडा_तेरा · रात्री ९:०२

मास्तर, धन्यवाद. हे माहीत असणं आवश्यक होतं.

वेगवेडा_तेरा · ५ डिसेंबर, सायंकाळी ६:३०

निघाला पडदा! नाव जीआर जीटी. चार लिटर ट्विन टर्बो व्ही८, सोबत एक मोटर. मिळून ६५० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) किंवा जास्त, टॉर्क ८५० न्यूटन मीटर किंवा जास्त, वेग ताशी ३२० किलोमीटर किंवा जास्त. चौकट सगळी ॲल्युमिनियमची, टोयोटात पहिल्यांदाच. उंची ११९५ मिलिमीटर. बाजारात २०२७ च्या सुमारास. शेजारी रेसची जीआर जीटी३ आणि तिसरी लेक्सस एलएफए संकल्पना, ती पूर्ण विजेवर.

शेंगाचटणीचे कान सोन्याचे. फॉर्म्युला ताईचा अंदाजही तंतोतंत, मोटर मागं गिअरबॉक्सपाशीच आहे.

बाळीवेस_बॉय · सायंकाळी ६:४१

मग भेळ कुणाकडं बे?

शेंगाचटणी · सायंकाळी ६:४४

माझ्याकडंच. आज मी खूश आहे.

हिप्परगा · सायंकाळी ७:१०

मला तोंड आवडलं नाही. बाजूनं सुंदर, मागून बरी, पण समोर नुसत्या जाळ्याच जाळ्या. २०००जीटीच्या नाकाशी तुलना केली तर जीव कळवळतो.

फॉर्म्युला_ताई · सायंकाळी ७:३५

दादा, त्या जाळ्या शोभेच्या नाहीत. त्यांनी आधी हवेचं गणित मांडलं आणि मग त्यावर बॉडीचा आकार बसवला, नेहमीच्या उलट. आठ सिलिंडर, दोन टर्बो आणि ब्रेक थंड ठेवायचे तर हवा आत यायलाच पाहिजे. टर्बो सिलिंडरांच्या व्ही आकाराच्या मधोमध बसवलेत, तिथली उष्णता बाहेर काढायला बॉनेटवरची वाट आहे.

जॅकार्ड · रात्री १०:१५

तुम्ही आकडे वाचताय, मी दुसरंच वाचलं. या गाडीच्या निमित्तानं टोयोटानं शिकिनेन सेंगूचा उल्लेख केलाय. जपानात इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात, म्हणजे जुन्या सुतारांच्या हातातली कला नव्यांच्या हातात जाते. २०००जीटी, एलएफए आणि ही, प्रत्येक वेळी जुन्या कारागिरांनी नव्यांना शेजारी बसवून शिकवलं असं ते म्हणतात. आमच्याकडं जॉबर निवृत्त झाला की त्याच्याबरोबर सगळं जातं. त्याच्याकडून शिकायला पोरंच येत नाहीत. त्यांनी हे गाडी दाखवताना सांगितलं, याचं मला कौतुक वाटलं.

पुरावा_दाखवा · ६ डिसेंबर, सकाळी ९:००

गाडी चांगली आहे, मान्य. पडद्याबद्दल माझं मत तेच: तारीख "२०२७ च्या सुमारास", आकडे सगळे "किंवा जास्त". पक्के आकडे नाहीत तर दाखवायची घाई कशाला? पण रेसची गाडी सोबत आणलीय, म्हणजे हे रेसमोसारखं अर्धवट सुटणार नाही असं वाटतं. मला सुटायला नकोच आहे. एक विचारतो, गॅरेजकाका: इंजिन पुढं आणि गिअरबॉक्स मागं, असं का तोडलं? एकत्र ठेवलं असतं तर सोपं नसतं का?

अशोकचौक_गॅरेज · ६ डिसेंबर, सकाळी ९:५०

बनवायला सोपं, चालवायला नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढं आले की नाक जड होतं, वळणावर गाडी बाहेर ढकलते. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ती मोटर मागच्या चाकांपाशी नेली की वजन वाटलं जातं. यांनी पुढं ४५, मागं ५५ असं ठेवलंय. मागं जास्त वजन म्हणजे दाबल्यावर मागची चाकं रस्ता धरतात, ६५० पीएसला ते लागतंच. मधला दांडा ज्या नळीतून जातो ती कार्बनची केलीय, म्हणजे हलकी आणि पीळ न खाणारी. गाडी एकूण १७५० किलोच्या आत बसवायचं म्हणतात. हायब्रिड व्ही८ साठी ते अवघड आहे, तेवढं जमवलं तर मी मानेन.

शाळेतली दोन पोरं माझ्याकडं सुट्टीत शिकायला येतात, त्यांना समजावायला एक जुना ट्रान्सॲक्सल, म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच डब्यात, उघडून टेबलावर ठेवलाय. कुणाला बघायचा असेल तर संध्याकाळी पाचनंतर या, हात काळे होतील अशा कपड्यात.

फॉर्म्युला_ताई · सकाळी ९:५६

काका, आज आलं तर चालेल? टीममधले दोघं सोबत आहेत.

अशोकचौक_गॅरेज · सकाळी ९:५८

या की.